हळदीचा निवाडा आणि दाहाचे दफ्तर

नारायण पेठेत केसरीवाड्यानजीक राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, ज्या अर्थी हळदीचे अमेरिकेतील पेटंट आपल्या शास्त्रज्ञांनी रद्द करविले, त्या अर्थी हळद दाह शमविते हे शास्त्राने सिद्धच झाले नाही काय? प्रश्न अगत्याचा आहे, आणि शरीरातील दाहाचा कारभार कसा चालतो हे पाहिल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

मुरगळलेल्या घोट्यावर येणारी लाली, ऊब, सूज आणि ठणका ही पेशींनी परस्परांना धाडलेल्या रासायनिक हुकुमांची परिणती होय. त्यांपैकी हिस्टामिन हा हुकूम आगाऊ लिहून, मोहोर करून मास्ट पेशींच्या कणिकांत ठेवलेला असतो. इजा होताच तो सुटतो, आणि केशवाहिन्यांतील द्रव भोवताली पाझरू लागतो. प्रोस्टाग्लँडिनांची तऱ्हा निराळी. त्यांचा साठा कोठेच नसतो. पेशीपटलातून ॲराकिडोनिक आम्ल सुटावे, आणि सायक्लोऑक्सिजनेज नामक विकराने, दफ्तरातील कारकुनाप्रमाणे, त्यावर ऐन वेळी मजकूर लिहावा, तेव्हा कोठे तो हुकूम निघतो. १८९९ पासून बाजारात असलेली ॲस्पिरिन या कारकुनाचा हातच कायमचा बांधते, हे १९७१ साली लंडनमध्ये जॉन वेन यांनी उलगडण्यास आरंभ केला. इतर पेशी लवकरच नवा कारकून नेमतात; परंतु रक्तातील प्लेटलेटांना केंद्रकच नसल्यामुळे त्यांना नेमणुकीचा अखत्यारच उरत नाही, आणि म्हणून हृदयविकाराच्या रुग्णास ॲस्पिरिनची अल्प मात्राही पुरते, ही गोष्ट जितक्या वेळा आठवावी तितक्या वेळा मन थक्क होते! प्रोस्टाग्लँडिनांच्याच घराण्यातील हुकुमांनी जठराच्या अस्तराचे रक्षणही होत असते. दाह शमविणाऱ्या गोळ्यांनी तेथे व्रण पडतात ते यामुळेच.

आता हळद. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून नुकतेच दिल्लीस गेलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्यास आव्हान दिले. भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकातील १९५३ च्या लेखासह अनेक जुने दाखले रुजू झाले, आणि १९९७ मध्ये निवाडा आपल्या बाजूने लागला. परंतु अमेरिकेच्या पेटंट कचेरीपुढे मुद्दा एवढाच होता की, हा उपयोग नवा आहे काय? हळदीची प्राचीनता तेथे शाबीत झाली. तिचा गुण तेथे तपासलाच गेला नाही. डॉ. माशेलकरांच्या कर्तबगारीस याने तिळमात्र उणेपणा येत नाही, परंतु त्या विजयाचा हवाला देऊन गोळ्या विकणाऱ्यांना मात्र तो हक्क पोहोचत नाही.

काचपात्रात हळदीतील करक्यूमिन दाहाचे हुकूम दाबते, असे सांगणारे शोधनिबंध विपुल आहेत. तथापि हे द्रव्य आतड्यांतून रक्तात फारच थोडे उतरते, पाण्यात लवकर विघटते, आणि वाटेल त्या प्रथिनास चिकटून चाचण्यांनाच चकविते. गुडघ्यांच्या संधिवातावरील काही छोट्या चाचण्यांत वेदना थोडी कमी झालेली दिसली असली, तरी त्यांवरून मोठी ग्वाही देता येत नाही. घरच्या हळदीच्या दुधास माझी हरकत नाही. पण शोषण वाढावे म्हणून मिरीचा अर्क घालून विकल्या जाणाऱ्या करक्यूमिनच्या गोळ्यांनी यकृतास इजा झाल्याची प्रकरणे अमेरिकेत आणि इटलीत नोंदली गेली आहेत, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून त्या घेऊ नयेत, असे या भगिनींना आग्रहाने कळवितो.