थायलंडच्या फोटोंत दिसणारं ते छोटं घर कोणाचं?

थायलंडचे फोटो पाहताना घरांच्या, दुकानांच्या, हॉटेलांच्या आवारात खांबावर उभं एक इवलंसं देऊळ दिसतं. ते बुद्धाचं मंदिर नाही. त्याला 'सान फ्रा फूम' म्हणतात, म्हणजे त्या जागेच्या राखणदाराचं घर.

थाई समजुतीनुसार प्रत्येक जमिनीला राखणदार असतो. आपण तिथे बांधकाम केलं की त्याची जागा जाते, म्हणून त्याला आवारातच नवं घर द्यायचं. मोठ्या घराची सावली त्यावर पडू द्यायची नाही. समोर फुलं, उदबत्ती, फळं आणि चक्क स्ट्रॉ घातलेली लाल सरबताची बाटली ठेवतात.

बँकॉकमध्ये एका हॉटेलच्या बांधकामात अडथळे येत होते. तेव्हा १९५६ मध्ये तिथे चतुर्मुख ब्रह्मदेवाची स्थापना झाली. तेच आजचं प्रसिद्ध एरावन मंदिर.

आपल्याला हे परकं नाही. वास्तुशांतीला आपण वास्तुपुरुष जमिनीत पुरतो. तळोज्यात भातशेतीच्या जागी कारखाने आणि टॉवर आले, पण जुन्या आगरी-कोळी गावांत गावदेवीचा मान आजही पहिला.

म्हणून थायलंडला गेलात तर फोटो जरूर काढा, पण तिथल्या नैवेद्याला हात लावू नका.