बिनजोड पट्टा

सांगलीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. दळणाचा डबा नंबराला लावायचा आणि पट्ट्याकडं बघत उभं राहायचं, हा माझा शाळेच्या वयातला नेम. मोटरवरून निघालेला चापट पट्टा गिरणीच्या चाकावर जाई, आणि त्याचा जोड चाकावरून गेला की 'टप' आवाज येई. पट्टा घसरायला लागला की गिरणीवाले अण्णा त्यावर राळ टाकत. तेव्हापासून पट्ट्यावर चालणारं यंत्र दिसलं की माझा पाय निघत नाही.

म्हणूनच न्यू जर्सीला लेकीच्या तळघरातला कपड्यांचा ड्रायर अडला तेव्हा चहा तसाच ठेवून मी खाली उतरलो. मोटर गुणगुणत होती, ड्रम जागचा हलत नव्हता. "बाबा, मोटर गेली का हो?" मी दार उघडून ड्रम फिरवून पाहिला. एरवी हाताला ओढ लागते. हा एका बोटानं गरगर फिरला. पट्टा तुटला होता.

   

पुष्कळ अमेरिकी ड्रायरमध्ये हा पट्टा ९२ इंचांच्या आसपास लांब आणि जेमतेम पाव इंच रुंद असतो. मोटर मिनिटाला सुमारे १,७२५ फेरे घेते, ड्रम साधारण ५०. तो याहून फार वेगानं फिरला तर कपडे खाली पडायचे सोडून भिंतीलाच चिकटून राहतील. वेग असा चौतीसपट उतरवायला इथं ना दाते, ना साखळी. मोटरच्या टोकाला रुपयाच्या नाण्याहून लहान पुली, आणि मोठी पुली म्हणजे खुद्द ड्रम! पट्टा त्याच्याच पोटाला वेढलेला. ही युक्ती मला फार आवडते.

पण एवढ्याशा पुलीवर पट्टा घसरत कसा नाही? कोळी होडीचा दोर खुंटाला दोन वेढे मारून ठेवतात, मग लाटांची ओढ एका हाताला पेलते. वेढा वाढला की पकड बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढते. याचं गणित गणितज्ञ ऑयलरनं मांडून ठेवलंय. ड्रायरमध्ये हे काम एक ताणचाक करतं. ते पट्ट्याला पाठीमागून दाबून मोटरच्या पुलीभोवती जास्त वळवतं आणि ढिलाईही खाऊन टाकतं.

नवा पट्टा आला तेव्हा सवयीनं मी जोड शोधला. जोडच नाही! मोठ्या नळकांड्यावर रबर आणि दोऱ्याचे थर गुंडाळून भाजतात, मग बांगड्यांसारखे पट्टे कापतात. अखंड पट्टा ड्रमवर चढवायचा तर ड्रमचं तोंड मोकळं करावं लागतं. सगळी खटपट त्यासाठी.

आधी प्लग काढला. (गॅसचा ड्रायर असेल तर गॅसचा कॉकही बंद करायचा.) भुसा अडवणाऱ्या जाळीखालचे दोन स्क्रू काढून वरचं झाकण पातळ पत्र्यानं उचकटलं, दाराच्या स्विचच्या वायरी सोडवल्या, पुढची बाजू उचलून बाजूला ठेवली. लेकीनं ड्रम धरून ठेवला. आत कपड्यांचा भुसा बोटभर साचलेला. तो आधी काढाच! अमेरिकेत २००८ ते २०१० या काळात ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० घरांत आगी लागल्या, आणि यंत्र साफ न ठेवणं हे त्यातलं मोठं कारण होतं.

ताणचाक तळाशी पडलं होतं; पट्ट्याच्या ओढीशिवाय त्याला दुसरा आधार नसतो. त्याच्या आसाभोवती भुश्याचा दोर वळला होता, चाक हलेना. तेही नवीन मागवलं. पट्टा खाचांची बाजू आत ठेवून ड्रमवर जुन्या खुणेवर बसवला, मग खालून हात घालून ताणचाकाखालून मोटरच्या पुलीवर चढवला. दिसत काही नाही, बोटांनाच खाचा शोधाव्या लागतात. ड्रम हातानं पूर्ण फेरा फिरवला. पट्टा सरळ चालला.

तुटलेला पट्टा मी बॅगेत घालून सांगलीला आणला. अण्णा आता थकलेत. त्यांनी तो दोन्ही हातांनी ताणला, पालथा करून पाठीवरची काळी चमक अंगठ्यानं घासली.

"हा जुना होऊन नाही तुटला. भाजलाय," ते म्हणाले. "पाठीमागचं चाक अडकत होतं, होय ना?"

चाकाचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.