लाल कोळी व त्याचा काळ

फाल्गुन सरून उन्हें तापूं लागलीं कीं आमच्या परसांतील वांग्यांच्या पानांवर दरसाल पांढुरके ठिपके दिसूं लागतात. वडीलधारीं माणसें म्हणतात, ‘पाणी कमी पडलें असेल.’ पाणी वाढवलें तरी पानें पिवळटच पडत जातात, आणि चैत्राच्या मध्यास शेंड्यांवर बारीक जाळें धरतें. मग घरांत दोन पक्ष पडतात. तरुण मंडळींना बाजारांतून औषध आणून ताबडतोब फवारावयाचें असतें. ज्यांच्या हातीं स्वयंपाकघर आहे त्यांना, उद्यां मुलांच्या पानांत वाढावयाच्या भाजीवर विष कसें मारूं द्यावें, ही काळजी असते. हा वाद तोडावयाचा तर पानामागें काय चाललें आहे तें प्रथम पाहिलें पाहिजे.

तेथें राहतो तो लाल कोळी. हा कीटक नव्हे, कोळ्याविंचवांच्या गोत्रांतला. अंड्यांतून निघतांना त्याला पाय सहा, पुढें आठ. लांबी सुमारें अर्धा मिलिमीटर. सुईसारख्या मुखानें तो पानाच्या पेशी शोषतो, आणि रित्या झालेल्या पेशी म्हणजेच ते ठिपके. हवा कोरडी व सुमारें ३० अंश सेंटिग्रेड उष्ण असली कीं अंड्यापासून प्रौढ होण्यास त्याला आठवडाभर पुरतो, आणि एक मादी आयुष्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालते. नराशीं गांठ न पडलेली मादीहि अंडीं घालते, मात्र त्यांतून नरच निपजतात. पान सुकूं लागलें कीं हे जीव तंतु सोडून वाऱ्याबरोबर दुसरें झाड गांठतात. वैशाखांत त्यांचा कळस होतो. मृगाचा पाऊस त्यांना धुवून काढतो, आणि आषाढांतील दमट हवा त्यांना मानवत नाहीं.

परंतु पावसाच्या आधींहि त्यांना आळा घालणारे असतात. एक म्हणजे त्यांच्याच आकाराचा भक्षक कोळी, आणि दुसरा काळा, मोहरीहून लहान असा ढालकिडा. पान पांढऱ्या कागदावर झटकावें व भिंगांतून पाहावें. जो संथ चालतो तो बहुधा पानखाऊ. जो चकचकीत, पेरूच्या आकाराचा व झपाट्यानें धांवतो, तो भक्षक. पहिल्याचीं अंडीं वाटोळीं, दुसऱ्याचीं लांबट. अडचण एवढीच कीं भक्षकाची वाढ भक्ष्याच्या मागून होते. अन्न मुबलक झाल्यावांचून खाणारे वाढत नाहींत. मधल्या त्या दिवसांतच आपला धीर सुटतो.

हे दोघे एकत्र नांदतात तरी कसे, याचा शोध कॅलिफोर्निया विद्यापीठांतील कार्ल हफेकर यांनीं घेतला, व १९५८ सालीं तो प्रसिद्ध केला. त्यांनीं संत्र्यांवर पानखाऊ कोळी सोडले आणि मागून भक्षक सोडले. साध्या मांडणींत भक्षकांनीं सारें भक्ष्य फस्त केलें आणि मग तेहि उपाशी मेले. शेवटीं त्यांनीं २५२ ठिकाणांची मांडणी केली, मध्यें व्हॅसलीनचे बांध घातले आणि तंतूवरून उडून जाण्यासाठीं भक्ष्याला लहान लांकडी खुंट्या दिल्या. तेव्हां कोठें दोघांच्या संख्येचे तीन चढउतार पाहावयास मिळाले. पळावयास जागा असली तरच भक्ष्य टिकतें, आणि भक्ष्य टिकलें तरच भक्षक टिकतो. एकच पीक दाट लावण्यापेक्षां परसांत वांगें, भेंडी, झेंडू, आळू असें मिश्र असावें असें आम्हांस वाटतें, तें यामुळेंच.

आतां औषधाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर फळबागांतून डीडीटीचा वापर वाढला, तेव्हां कित्येक ठिकाणीं पानखाऊ कोळी कमी न होतां उलट माजले. पानाआडचा शत्रु तगला, आणि त्यास खाणारे मात्र मेले. पुढें या कोळ्यांत विषें पचवण्याची शक्तीहि आली. त्यांच्यांतील एका सर्वत्र आढळणाऱ्या जातीनें आजवर ९० हून अधिक औषधद्रव्यांस दाद दिलेली नाहीं. म्हणजे घाईनें मारलेला फवारा पुष्कळदां आपल्याच राखणदारांचा घात करतो.

आमच्या घरीं निकाल असा लागला आहे. माघापासूनच दर आठवड्यास पानें उलटून पाहावयाचीं. हें काम मुलांकडे. ठिपके दिसतांच सकाळीं पानाच्या खालच्या अंगावर पाण्याची जोरदार धार, आणि फार बिघडलेलीं पानें खुडून दूर. कागदावर धांवणारे दिसले तर आठ दिवस कांहींहि करावयाचें नाहीं. न दिसले व जाळें वाढलें, तर कडुनिंबाच्या तेलाचा सौम्य फवारा, तोहि वांगीं उतरवून घेतल्यावर. कांहीं झाडें हातचीं जातात, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण पानांत वाढलेल्या भाजीबद्दल मनांत शंका उरत नाहीं, आणि वादांतले दोन्ही पक्ष आतां एकाच भिंगांतून पाहतात.