‘ब्रॉड’ शब्दाचा पैस

इंग्रजींतील ‘ब्रॉड’ हें विशेषण कोल्हापुरांत जितकें पुस्तकांतून आलें तितकेंच रुळांवरूनही आलें. १८९१ सालीं संस्थानची रेल्वे मिरजेपासून कोल्हापुरापर्यंत सुरू झाली, ती मीटरगेज होती. दोन रुळांमध्यें एक मीटर अंतर. मिरजेहून पुण्यास जाणारा मार्गही त्याच मापाचा. मुंबईस जावयाचें तर पुण्यास उतरून, वळकट्या हमालाच्या डोक्यावर देऊन, साडेपांच फूट अंतराच्या रुळांवरील दुसरी गाडी गांठावी लागे. ती ‘ब्रॉडगेज’. पुढें १९७१ च्या सुमारास पुण्यापासून कोल्हापुरापर्यंतचा मार्ग रुंदमापी झाला आणि गाडी बदलण्याची यातायात संपली. तोंपर्यंत ज्याला इंग्रजीचा गंधही नव्हता अशा प्रवाशालासुद्धां ‘ब्रॉड’ म्हणजे रुंद एवढें पक्कें ठाऊक झालें होतें.

हा अर्थ खरा आहे. परंतु तेवढ्याच शिदोरीवर इंग्रजी वाचूं लागणाऱ्याची लवकरच पंचाईत होते. पहिली अडचण उच्चाराची. ‘बोट’, ‘कोट’, ‘रोड’ या नेहमींच्या शब्दांत ‘ओ’ आणि ‘ए’ हीं इंग्रजी अक्षरें शेजारीं आलीं कीं उच्चार ‘ओ’ असा होतो. त्याच न्यायानें ‘ब्रोड’ म्हणावें असें कोणासही वाटेल. पण येथें ती जोडी ‘ऑ’ असा उच्चार घेते, आणि यमक ‘रोड’शीं न जुळतां ‘फ्रॉड’शीं जुळतें. ‘अब्रॉड’ हा शब्दही याच घराण्यांतला. त्याचा मूळ अर्थ ‘दूरवर पसरलेला’. मग ‘घराबाहेर’, आणि शेवटीं ‘परदेशीं’.

दुसरी अडचण ‘वाइड’ या शब्दाची. त्याचाही अर्थ रुंदच. मग दोहोंत भेद काय? ‘वाइड’चें लक्ष दोन कडांमधील अंतराकडे असतें, ‘ब्रॉड’चें त्या कडांच्या मध्यें पसरलेल्या पृष्ठाकडे. म्हणून सताड उघडलेलें दार ‘वाइड’, टक्क जागा असलेला माणूस ‘वाइड अवेक’, आणि फलंदाजापासून फार दूरून गेलेला चेंडूही ‘वाइड’. उलट कपाळ, खांदे, झाडाचें पान हीं ‘ब्रॉड’. खासबागेच्या मैदानांत उतरणाऱ्या मल्लाची छाती इंग्रजींत ‘ब्रॉड’च म्हणावी, ‘वाइड’ म्हटल्यास शिंपी माप घेत आहे असें वाटेल! रस्ता आणि नदी यांना दोन्ही विशेषणें चालतात. पंचगंगेचें पात्र अमुक फूट रुंद आहे असें सांगतांना ‘वाइड’ बरें; पण श्रावणांत तीच नदी पात्र सोडून शेतांत शिरते तेव्हां दिसणारा तो पाण्याचा पसारा ‘ब्रॉड’.

मराठी या बाबतींत अधिक चोखंदळ आहे. ती विशेषण ठरवितांना आधीं वस्तु पाहते. छाती भरदार, कपाळ भव्य, भांडें पसरट, वाडा ऐसपैस. आणि कापडाची रुंदी सांगावयाची तर ‘पन्हा’ हा स्वतंत्र शब्द. इंग्रजी मात्र एकाच शब्दाला सगळीकडे राबविते, आणि मापाच्या पलीकडेही नेते. जें पसरून ठेवलें तें झांकून राहत नाहीं. या कल्पनेतून ‘ब्रॉड’ला उघडेपणाचा अर्थ येतो. ‘ब्रॉड डेलाइट’ म्हणजे दिवसाढवळ्या. तेथें इंग्रजाला उजेडाचा विस्तार दिसला, मराठी माणसाला त्याचा पांढरेपणा. ‘ब्रॉड हिंट’ म्हणजे मंदबुद्धीच्या माणसालाही कळेल अशी सूचना. ‘ब्रॉड ॲक्सेंट’ म्हणजे बोलणाऱ्याचा मुलूख लपूं न देणारी बोली. कोल्हापुरी बोलीला ‘रांगडी’ म्हणतात तोच भाव. मनाला लावल्यास हें विशेषण स्तुति करतें: ‘ब्रॉड माइंडेड’ म्हणजे मोकळ्या मनाचा, उदार विचारांचा. विनोदाला लावल्यास तेंच विशेषण नाक मुरडतें, कारण ‘ब्रॉड ह्यूमर’ म्हणजे ग्राम्य, अचकटविचकट विनोद. अमेरिकेच्या हलक्या बोलींत तर हा शब्द स्त्रीसाठीं नाम म्हणून येतो. तो अपमानकारक असल्यामुळें तोंडीं न येईल तर बरें.

या सर्वांपेक्षां महाग पडणारी चूक निराळीच आहे. संपूर्ण पृष्ठ एका दृष्टिक्षेपांत पाहिलें तर बारकावे दिसत नाहींत. म्हणून ‘ब्रॉडली’ म्हणजे स्थूलमानानें, ढोबळमानानें. आतां समजा, ऊसदराविषयीं शेतकरी आणि कारखानदार यांच्यांत ‘ब्रॉड ॲग्रीमेंट’ झाल्याची बातमी इंग्रजींत आली. घाईंतील भाषांतरकार कोश उघडतो, ‘व्यापक’ हा शब्द उचलतो आणि ‘व्यापक सहमति’ असा मथळा देतो. वाचणाऱ्याचा समज होतो कीं सर्व कांहीं मिटलें. मूळ वाक्याचा अर्थ जवळजवळ उलट आहे: ठळक मुद्द्यांवर एकमत झालें, तपशील अजून शिल्लक आहे, आणि पैसे तर तपशिलांतच असतात. कायद्याच्या कलमाचा ‘ब्रॉड’ अर्थ लावणें म्हणजे मात्र खरोखरच व्यापक अर्थ लावणें. तेथें ‘ढोबळ’ म्हटल्यास न्यायाधीशानें निष्काळजीपणा केला असें होईल. कोश दोन्ही शब्द देतो. निवड संदर्भ पाहूनच करावी लागते.

‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द तर मुळांत शेतांतला. पाभरीनें ओळींत न पेरतां मुठीनें बीं चहूंकडे फेंकणें, म्हणजे फोकून पेरणें, याला अठराव्या शतकापासून इंग्रजींत हें नांव आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत तो रेडिओला लागला. १९२७ च्या जुलैंत मुंबईचें केंद्र सुरू झालें आणि मराठीलाही त्याला प्रतिशब्द शोधणें भाग पडलें. ‘प्रसारण’ या शब्दांत पसरणें आहे, पण मूठ नाहीं. जुन्या ‘ध्वनिक्षेपण’ शब्दांत फेंकणें स्पष्ट ऐकूं येतें. बीं कोणत्या सरींत पडेल हें फेंकणाऱ्याला ठाऊक नसतें, हा मूळ शब्दांतला भाव त्यांतच अधिक उतरला आहे.