विश्लेषण : दुसरी तार तुटल्याचे यंत्राला का कळत नाही?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. डोंगरउतारावर पाऊस आणि जमिनीची हालचाल टिपणारी साधने लावता येतात. केरळमधील मुन्नारला अमृता विद्यापीठाने ती लावली आहेत. पण साधन लावणे वेगळे आणि त्याने ऐनवेळी तोंड उघडणे वेगळे.

पेटीत काय असते?

साध्यात साधी पेटी घ्या. एक मायक्रोकंट्रोलर, बॅटरी, संदेश पाठवणारे मोडेम आणि बाहेरून येणाऱ्या आठ-सोळा तारा. प्रत्येक तार फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगते. पर्जन्यमापकातील छोटे डोलते भांडे ठरावीक पाऊस, उदाहरणार्थ ०.२ मिलिमीटर, साठला की कलंडते आणि चुंबकामुळे स्विच क्षणभर मिटतो. भेगेवर ताणलेली तार जमीन सरकली की तुटते.

प्रोसेसरने या तारा सतत तपासत राहायचे म्हटले, तर बॅटरी उतरते. जुलैत कर्जतच्या डोंगरात सौर पॅनेलला दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. दर सेकंदाला एकदाच बघावे, तर सेकंदाच्या दहाव्या भागात येऊन गेलेला पर्जन्यमापकाचा इशारा निसटतो. म्हणून प्रोसेसर झोपतो आणि तारच त्याला उठवते. हाच ‘इंटरप्ट’.

एज आणि लेव्हल म्हणजे काय?

दारावरची बेल आठवा. कोणी एकदा दाबून गेले, ‘टिंग’ झाले, हा एज ट्रिगर. स्थिती बदलते तो क्षणच मोजला जातो. दार उघडेपर्यंत कोणी बोट काढलेच नाही, तर तो लेव्हल ट्रिगर.

पाऊस मोजायला एज योग्य. फक्त स्विचचे पाते मिटताना थरथरते आणि एका कलंडण्याचे तीन-चार ठोके पडतात. पहिल्या ठोक्यानंतरचे काही मिलिसेकंद दुर्लक्षित केले नाहीत, तर कागदावर ढगफुटी होते! तुटलेली तार मात्र तुटलेलीच राहते. तिला लेव्हल शोभते. अर्थात नोंद झाल्यावर त्या तारेचा इंटरप्ट बंद करावा लागतो, नाहीतर प्रोसेसर तिच्याच हाकेला ओ देत बसतो.

सोळा तारा, एकच बेल

खरी गोची इथे आहे. तारा जास्त, प्रोसेसरच्या इंटरप्ट पिना कमी. मग ‘एमसीपी २३०१७’सारखी चिप वापरतात. तिला सोळा तारा जोडता येतात आणि कोणतीही बदलली की ती एकच इंटरप्ट रेषा खाली ओढते. प्रोसेसर त्या रेषेची एज बघत असेल, तर? पहिली तार तुटते, रेषा खाली जाते, प्रोसेसर उठतो. चिपमधली नोंद वाचून तो रेषा मोकळी करण्याआधीच दुसरी तार तुटते. रेषा आधीच खाली आहे, नवी एज येणार कुठून? संदेश जातो, ‘एक तार तुटली’. एक तार म्हैसही तोडते. दोन तुटल्या, तर उतार सरकत असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

संगणकांनीही हा धडा घेतला आहे. जुन्या आयएसए जोडणीत इंटरप्ट एजवर चालत. पुढच्या पीसीआयमध्ये अनेक कार्डांना एकच रेषा वाटून देण्यासाठी लेव्हल पद्धत आली.

पेटीतही तेच करायचे. सामाईक रेषा लेव्हलवर ठेवायची, रेषा मोकळी होईपर्यंत सोळाही तारा पुन्हा वाचायच्या आणि आधीच्या नोंदीशी ताडून पाहायच्या. पर्जन्यमापकाला स्वतंत्र पिन द्यायची. भेगेवरची तार एरवी जोडलेलीच राहील, तुटली की इशारा जाईल, अशी जुळणी करायची; मग उंदराने केबल कुरतडली तरी पेटी गप्प राहत नाही.

पेटी डोंगरावर नेण्याआधीची चाचणी सोपी आहे. टेबलावर दोन तारा एकदम कापायच्या आणि मोबाइलवर ‘दोन’ येते का ते बघायचे.