पैठण : नदी, जलाशय आणि नावांचा प्रवास

मागील घटकात आपण ध्वनिपरिवर्तनाचे नियम पाहिले. सुटी उदाहरणे घेऊन ते नियम पाठ करता येतात. परंतु एखाद्या गावाच्या नावावर ते कसे घडून आले हे तपासले, म्हणजे भाषेचा इतिहास आणि वस्तीचा इतिहास एकमेकांस किती धरून असतात हे ध्यानात येते. या दृष्टीने पैठणसारखे दुसरे गाव मराठीच्या अभ्यासकाला क्वचितच सापडेल.

पैठण हे गोदावरीच्या उत्तर तीरावरील तालुक्याचे ठिकाण, छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे ४१ हजार होती. आजच्या मापाने हे लहानच शहर. त्याच्या वरच्या अंगास जायकवाडी धरणाची सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत आहे आणि तिच्यामागे नाथसागर हा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. भरलेल्या जलाशयाचे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर होते. नदी जुनी, जलाशय अवघ्या अर्धशतकाचा. या दोन पाण्यांच्या वयातील अंतर लक्षात ठेवावे, कारण पुढील विवेचनाचा रोख तिकडेच आहे.

प्रतिष्ठान ते पैठण

या नगराचे संस्कृत नाव 'प्रतिष्ठान'. सातवाहनांची ही राजधानी. प्रयागासमोरील झुशीलाही प्राचीन काळी हेच नाव होते, म्हणून संदर्भ पाहताना सावध असावे. पितळखोरे येथील लेण्यांत या नगरातील एका गांधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, कुळाने दिलेल्या स्तंभाची नोंद आहे. त्या प्राकृत लेखात नाव 'पतिठान' असे येते. आरंभीच्या जोडाक्षरातील 'र' गळाला आहे, 'ष्ठ'चा 'ठ' झाला आहे ('ओष्ठ'पासून 'ओठ' आठवावा), परंतु मधला 'ति' अद्याप शाबूत आहे.

आता इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्ताकडे वळू. 'पेरिप्लस' या नावाने ते ओळखले जाते. त्याचा कर्ता अज्ञात आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर हे नगर आहे, तेथून मौल्यवान खडे गाड्यांतून, रस्ते नसलेल्या प्रदेशातून बंदरात येतात, असे तो सांगतो. नगराचे नाव तो 'पैठान' असे लिहितो. दुसऱ्या शतकातील टॉलेमी 'बैठान' असे लिहितो आणि ते पुळुमावी राजाचे स्थान असल्याची नोंद करतो. दोघांच्याही नोंदीत 'ति'मधील 'त' नाही. दोन स्वरांमधील 'त' लोपण्याची प्रवृत्ती ('माता'पासून 'माय') लोकांच्या तोंडी तेव्हाच रूढ झाली असावी, असे अनुमान यावरून करता येते. कोरीव लेख घडवणारा परंपरेने आलेले रूप जपतो. परका व्यापारी मात्र कानांवर पडले तेच लिहितो. भाषेच्या इतिहासात अशा परक्या कानांची साक्ष फार मोलाची असते.

पुढील पायऱ्या सोप्या आहेत. प्राकृत 'पइट्ठाण'मध्ये 'न'चा 'ण' झालेला दिसतो ('पानीय'पासून 'पाणी'). मग 'अ' व 'इ' मिळून 'ऐ' झाला, 'ठा'मधील दीर्घ स्वर आखडला, शेवटचा 'अ' उच्चारातून गेला आणि 'पैठण' उरले. ज्या महाराष्ट्री प्राकृतात ही स्वरांची रेलचेल दिसते, तिचा प्रसिद्ध गाथासंग्रह, 'गाथासप्तशती', परंपरेने हाल सातवाहनाच्या नावावर आहे. त्यात गोदावरी 'गोला' या नावाने येते.

एकनाथांचे पैठण

सोळाव्या शतकातील पैठण एकनाथांमुळे ओळखले जाते. भाषेच्या विद्यार्थ्याने त्यांच्या एका कार्याकडे विशेष लक्ष द्यावे : शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बदलले होते, जुने शब्द दुर्बोध झाले होते. भाषा बदलते याचे भान असल्याशिवाय असे काम हाती घेता येत नाही. दुसरीकडे त्यांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी आपापल्या वाणीत बोलतात आणि 'हिंदू-तुर्क संवादा'त दखनी वळणाची बोलीही उमटते. पंडितांच्या गावात राहून रस्त्यावरची भाषा इतक्या बारकाईने ऐकणारा हा कवी मला आजही विस्मयकारक वाटतो.

नाव राहते, वस्तू जाते

पैठणी हे रेशमी व जरीचे वस्त्र गावाच्या नावावरून ओळखले जाते. तथापि तिच्या विणकामाचे मोठे केंद्र आज नाशिक जिल्ह्यातील येवला आहे. वस्तू दुसरीकडे गेली, नाव सोबत घेऊन गेली. धरणाच्या बाबतीत उलट घडले. मूळ योजनेत ते बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ व्हावयाचे होते. पुढे जागा बदलून पैठण ठरले, परंतु योजनेचे नाव बदलले नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. मराठवाड्याच्या शेतीला आणि मोठ्या शहरांच्या नळांना या पाण्याचा आधार आहे. त्याची योग्यता कमी लेखण्याचे कारण नाही.

मात्र पैठणवरील बहुतेक लेखन सातवाहनांपासून निघून एकनाथांपाशी थांबते, आणि फार तर धरणाच्या सत्तावीस दरवाजांचा उल्लेख करते. जलाशयाखाली गेलेली गावे त्यात नसतात. गाव उठले की गावाचे नाव नव्या वसाहतीला देता येते. परंतु शेतांची, डोहांची, पायवाटांची नावे देता येत नाहीत. ती त्या जागेलाच चिकटलेली असतात. नदीकाठच्या लोकांची शब्दसंपत्ती पाहा : गोदावरीला ते 'गंगा' म्हणतात, तिच्या काठच्या पट्ट्याला 'गंगथडी', पुराने गाळ आणून टाकलेल्या जमिनीला 'मळई', नदी पायी ओलांडण्याच्या जागेला 'उतार'. जेथे नदीच तळ्यात बुडाली तेथे 'उतार' कोठून राहणार? त्याच वेळी जुन्या शब्दाला नवे प्रयोजनही मिळते. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की उघड्या पडलेल्या जमिनीवर पीक घेतात, त्याला 'गाळपेर' म्हणतात. हा शब्द आता शासकीय कागदपत्रांतही आढळतो.

'प्रतिष्ठान'चे 'पैठण' होण्यास काही शतके लागली आणि प्रत्येक टप्प्याची खूण कोठे ना कोठे राहिली. बुडालेल्या शिवारांच्या नावांची खूण केवळ माणसांच्या स्मरणात आहे, आणि ज्यांनी ती शेते कसली ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.

स्वाध्याय : आपल्या परिसरात धरणामुळे, रस्त्यामुळे किंवा वसाहतीमुळे उठलेले एखादे गाव असेल, तर तेथील वृद्ध स्त्री-पुरुषांना भेटून शेतांची, पाणवठ्यांची व वाटांची किमान वीस नावे नोंदवा. नाव जसे उच्चारले जाते तसेच लिहा. ते 'शुद्ध' करू नका. सांगणाऱ्याचे मूळ गाव व अंदाजे वय पुढे लिहून ठेवा. स्त्रियांकडून मिळणारी पाणवठ्यांची नावे पुरुषांनी सांगितलेल्या नावांहून वेगळी असतील, तर दोन्ही नोंदवा.