वेब-ॲप्लिकेशनची पाठवणी

भोर आणि वेल्हे हे भाग नकाशावर शेजारी शेजारी आहेत. पण वेल्ह्याच्या मुलाला भोरला यायचे म्हणजे नसरापूर, कापूरहोळ असा वळसा आला आणि एस.टी.ची वाट पाहणेही आले. हा हेलपाटा वाचावा म्हणून आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या अर्जांसाठी एक लहानसे वेब-ॲप्लिकेशन तयार केले. भोरच्या संगणकावर ते झकास चाले. पुण्यात भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर आम्ही ते चढवले होते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी एक किरकोळ दुरुस्ती करून नवी प्रत तिथे ठेवली, आणि ते उघडेचना!

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याकडचा एक मुलगा दारात उभा. म्हणाला, "सर, रात्री अकरापर्यंत बघत होतो." मुदत आम्ही वाढवली, पण जो हेलपाटा वाचवायचा, तोच त्याला पडला. चूक आमचीच होती. भोरच्या संगणकावर पायथॉन भाषेची नवी आवृत्ती होती, पुण्याच्या सर्व्हरवर जुनी. "माझ्याकडे तर चालते" हे वाक्य संगणकवाल्यांच्या तोंडी नेहमी असते, ते यामुळेच.

आंब्याचे कलम दुसरीकडे न्यायचे असेल, तर आपण ते नुसते उपटून नेत नाही. मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट नेतो. ॲप्लिकेशनचेही तसेच करावे, हा कंटेनरचा विचार. शब्द आला बंदरावरून. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल एक्स' या जहाजाने ५८ मोठ्या पेट्या अमेरिकेतील नूअर्कहून ह्यूस्टनकडे नेल्या. आत काय आहे याच्याशी क्रेनला कर्तव्य नाही. पेटी ठरल्या मापाची असली म्हणजे झाले. न्हावा-शेवा बंदरात आज अशाच पेट्या चढतात-उतरतात. हाच विचार संगणकात सोपा करणारे 'डॉकर' हे साधन मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी जगापुढे मांडले.

त्याची रीत अशी. 'डॉकरफाइल' नावाच्या छोट्या फाइलीत ओळीने लिहायचे: पायथॉन अमुक आवृत्तीचा घ्यावा, अमुक साहाय्यक संच बसवावेत, आमचा मजकूर आत ठेवावा, शेवटी अमुक आज्ञेने सुरू करावे. यावरून जो साचा तयार होतो त्याला 'इमेज' म्हणतात, आणि साच्यावरून प्रत्यक्ष चालू केलेली प्रत म्हणजे कंटेनर. कंटेनर म्हणजे संपूर्ण वेगळा संगणक नव्हे, बरे का! कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, तो सर्व्हरचाच वापरतो. म्हणून तो हलका असतो आणि चटकन सुरू होतो.

आता प्रश्न दूरच्या सर्व्हरचा. आपल्या डॉकरला एकदा सांगून ठेवता येते की, यापुढे काम इथे नको, पुण्याच्या यंत्रावर कर, आणि एसएसएचच्या वाटेने जा. या नोंदीला 'कॉन्टेक्स्ट' म्हणतात. मग आज्ञा वेल्ह्यात द्यायची, इमेज पुण्यात तयार होते. यात आपल्या भागाच्या सोयीची गोष्ट अशी की, आपल्याकडून जातात त्या फक्त आपल्या लिहिलेल्या फाइली. पायथॉनसारखा जड माल सर्व्हर परस्पर उतरवून घेतो. डोंगराआड मोबाइलची रेंज जेमतेम असली, तरी काम अडत नाही.

तीन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. पहिली, अर्जांच्या नोंदी कंटेनरच्या पोटात ठेवू नयेत. कंटेनर काढून टाकला की आत लिहिलेले सारे जाते. नोंदींसाठी बाहेर वेगळी जागा असते. तिला 'व्हॉल्यूम' म्हणतात. दुसरी गोष्ट, सोपे पडते म्हणून डॉकरचे २३७५ क्रमांकाचे दार इंटरनेटवर उघडे टाकू नये. तिथून शिरणाऱ्याच्या हाती सगळा सर्व्हर जातो. एसएसएचची खाजगी किल्ली आपल्याजवळ, तिची सार्वजनिक जोडीदार सर्व्हरवर, हीच वाट बरी. तिसरी गोष्ट, प्रत्येक इमेजला क्रमांक द्यावा आणि नवी चढवली तरी जुनी पुसू नये. नवी रुसली, तर जुनी तत्काळ उभी करता येते.

त्या दिवशी आमच्याजवळ जुनी प्रत अशी तयार असती, तर त्या मुलाचा अर्ज रात्री अकराच्या आतच पोचला असता. आता आमचे विद्यार्थी दुरुस्ती करतात ती मुदतीच्या आठ दिवस आधी; आणि चढवून झाल्यावर वेल्ह्याच्या एखाद्या मुलाला फोन करून विचारतात, "काय रे, तुझ्याकडे उघडतंय ना?"